सिनेगॉगच्या पुस्तक-गटात पहिल्यांदा जाताना

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दाराला बेल होती, वर कॅमेरा होता आणि आत टेबलामागे एक निवृत्त पोलीस बसला होता. माझ्या एका हातात लायब्ररीतून आणलेली कादंबरी, दुसऱ्या हातात पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा. त्याने यादीत माझं नाव शोधलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि "डावीकडची खोली" म्हणाला. डब्याबद्दल तो काही बोलला नाही. डब्याचं काय चुकलं होतं ते मला दहा मिनिटांत कळलं. ते पुढे सांगतेच.

मी न्यू जर्सीत राहते. ज्यू नाही, होण्याचा विचारही नाही, घरात कुणी ज्यू सून-जावई नाही. गावातल्या सार्वजनिक लायब्ररीच्या फळ्यावर एक कागद लागला होता: समकालीन ज्यू साहित्य, महिन्यातून एक संध्याकाळ, सर्वांना खुलं. तो वाचून गेले, त्याला आता काही वर्षं झाली. ओळखीतल्या मराठी मंडळींना याचं नवल वाटतं. त्यातल्या दोघा-तिघांना यायचंही असतं, पण "आपल्याला त्यातलं काय कळणार" इथे त्यांचं घोडं अडतं. हे त्यांच्यासाठी. तिथे धर्माची माहिती लागत नाही. पुस्तक वाचलेलं लागतं, आणि तेही शेवटच्या पानापर्यंत.

१. आधी नाव कळवा

सिनेगॉगच्या मासिक पत्रकात किंवा जवळच्या सार्वजनिक लायब्ररीत अशा गटांची माहिती मिळते. बहुतेक गट सभासद नसलेल्यांनाही येऊ देतात, तरी आधी ऑफिसला ईमेल करा. "मी अमुक, ज्यू नाही, पुस्तक वाचलं आहे, आलं तर चालेल का?" एवढ्या तीन ओळी पुरतात. हा नुसता शिष्टाचार नाही. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेला जमलेल्या ११ जणांना गोळ्या घालून मारण्यात आलं. अनोळखी माणूस पाठीवर मोठी सॅक घेऊन न सांगता दारात उभा राहिला, तर आतल्यांच्या पोटात गोळा येतो. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून फोर्टमधल्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये जायचं तरी ओळखपत्र दाखवावं लागतं. इथेही जवळ ठेवा. सॅक गाडीत ठेवा.

ईमेलमध्येच विचारून घ्या की सिनेगॉग कोणत्या पंथाचं आहे. रिफॉर्म बरंच मोकळं असतं. ऑर्थोडॉक्स सगळे नियम काटेकोर पाळतं. कन्झर्व्हेटिव्ह हे नाव ऐकून कर्मठ वाटतं, पण तो या दोघांच्या मधला पंथ. नवख्याला फरक पडतो तो शनिवारच्या आणि खाण्याच्या बाबतीत. बाकीचे मतभेद समजावून द्यायला तिथे हौशी माणसं भरपूर आहेत. त्यांना फक्त विचारायचा अवकाश असतो.

आणखी एक. रोजच्या बोलण्यात सिनेगॉगला 'शुल' म्हणतात, हा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला, शब्द. पहिले काही महिने कुणी "मंगळवारी शुलमध्ये भेटू" म्हटलं की मला पोटशूळ आठवायचा.

२. तारीख नीट बघा

वर्षभराच्या तारखा एकदम मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गट भेटत नसेल तर तो आळस नव्हे. रोश हशाना, योम किप्पुर आणि सुक्कोत हे सण ओळीने येतात आणि त्या दिवसांत कुणाला कादंबरी उघडायला फुरसत नसते. हे सण दरवर्षी इंग्रजी तारखांना मागेपुढे का होतात, हे माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. आपल्याला एका वाक्यात कळतं: त्यांच्यातही अधिक महिना असतो. १९ वर्षांत ७ वेळा अदार महिना दोनदा येतो. मृताचा स्मृतिदिनही तिथीनेच पाळतात. फक्त दिवस सुरू होतो सूर्यास्ताला, त्यामुळे एखादा सण 'उद्या' असेल तर तो आज संध्याकाळीच लागलेला असतो. माझी याबाबतीत एकदा फजिती झाली. मी गेले आणि खोलीला कुलूप.

काही गट शनिवारी दुपारी, सकाळची प्रार्थना आणि जेवण आटोपल्यावर बसतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शबात, म्हणजे विश्रांतीचा दिवस. परंपरेने चालणाऱ्या सिनेगॉगमध्ये त्या वेळात लिहायचं नाही, फोन काढायचा नाही. हे नियम तुम्हाला लागू नाहीत, पण वास्तू त्यांची आहे. पेन घरी ठेवा, कागदी पुस्तक आणा, आणि हव्या त्या पानांत खुणेचे कपटे आदल्या दिवशीच घालून ठेवा. आमचा गट मंगळवारी संध्याकाळी असतो, त्यामुळे ही कसरत करावी लागत नाही.

३. पुस्तक कसं वाचायचं

प्रत शोधायला वेळ ठेवा. गटात दहा-बारा जण असले की गावातल्या लायब्ररीतल्या दोन प्रती पहिल्या दोन दिवसांत उडतात. सिनेगॉगची स्वतःची लायब्ररीही असते, तिथे विचारायला लाजू नका.

ज्यू साहित्य कशाला म्हणायचं, यावर गटात दर वर्षी एकदा तरी वाद होतोच. लेखक ज्यू असला की झालं, की विषय ज्यू हवा? मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. दलित साहित्य म्हणजे दलितांनी लिहिलेलं की दलितांविषयी लिहिलेलं, यावर आपल्याकडे किती शाई खर्च झाली आहे! पहिल्या खेपेला तरी या वादात पडू नका. निवडीसाठी पुष्कळ गट ज्यूइश बुक काउन्सिलच्या पुरस्कारांची यादी बघतात. ते पुरस्कार १९५० पासून दिले जातात. त्याशिवाय अमेरिकन कादंबऱ्या, आणि हिब्रूतून इंग्रजीत आलेल्या इस्रायली कादंबऱ्या.

वाचताना मी तीन खुणा करते. कुठे हसू आलं, कुठे अडले, कुठे लेखकाशी पटलं नाही. पानाच्या आकड्याबरोबर प्रकरणही लिहून ठेवा, कारण प्रत्येकाच्या हातातली आवृत्ती वेगळी असते आणि "पान १४२" म्हटल्यावर बारा माणसं बारा ठिकाणी बघतात. प्रस्तावना, परीक्षणं, लेखकाच्या मुलाखती हे सगळं शेवटी. आधी वाचलंत तर गटात दुसऱ्याचंच मत आपलं म्हणून सांगाल, आणि ते मत कुठून उचललंय हे तिथल्या निवृत्त शिक्षिका ताबडतोब ओळखतात.

अमेरिकन कादंबऱ्यांत यिडिश शब्द अर्थ न देता पेरलेले असतात. दर शब्दाला फोन काढून अर्थ शोधत बसू नका. पुढे वाचत राहा आणि तीन-चार शब्द बाजूला लिहून ठेवा. गटात त्यातला एक विचारलात की दोन माणसं दोन अर्थ सांगतात, तिसरा म्हणतो की माझी आजी हा शब्द असा वापरतच नव्हती, आणि पंधरा मिनिटांत तुम्हाला कोशात नसलेलं बरंच काही मिळतं. काही गोष्टी तर आपल्याला आयत्याच कळतात. पात्रं 'शिवा' बसली आहेत, आरसे झाकले आहेत, शेजारी जेवण आणून देताहेत, असं आलं की ते सात दिवसांचं सुतक आहे हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

आमच्याकडे फिलिप रॉथ म्हणजे घरचा लेखक. त्याचं बालपण नेवार्कच्या वीक्वेइक भागात गेलं, आणि 'द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका' (२००४) तिथेच घडते. १९४० ची निवडणूक रूझवेल्टऐवजी विमानवीर लिंडबर्ग जिंकतो आणि ज्यू कुटुंबांच्या पायाखालची जमीन हळूहळू सरकू लागते, अशी ती गोष्ट. आमच्या गटातले दोघे त्याच भागात वाढलेले. त्या रात्री फॅसिझमवर बोलणं झालं वीस मिनिटं, आणि कोणतं दुकान कोणत्या कोपऱ्यावर होतं यावर पाऊण तास. मी मनात म्हटलं, सदाशिव पेठेवरच्या कादंबरीचं आपण दुसरं काय करतो?

४. डबा

आता तो चिवडा. त्यात मांस नव्हतं, दूध नव्हतं, अंडं नव्हतं. तरी तो टेबलावर ठेवता आला नाही. कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम, पाळणाऱ्या सिनेगॉगमध्ये प्रश्न पदार्थाचा एकट्याचा नसतो, तो कोणत्या स्वयंपाकघरात, कोणत्या भांड्यात झाला हाही असतो. माझ्या कढईत कधी काय शिजलं असेल त्याची हमी कोण देणार? सोवळं-ओवळं पाहिलेल्या घरातल्या माणसाला हे पटकन उमगतं, पण सोवळ्याच्या बाहेर आपण स्वतः असण्याची सवय नसते, म्हणून क्षणभर लागलं. गट चालवणाऱ्या बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, वास घेतला, छान म्हणाल्या आणि मला बाजूला नेऊन सगळं समजावलं. डबा दारावरच्या पोलिसाकडे गेला. निघताना तो परत घेतला तर अर्धा रिकामा होता आणि त्यात नेमके शेंगदाणे उरले नव्हते.

तर पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा. अगदीच जड वाटत असेल तर न चिरलेली फळं न्या, किंवा दुकानातलं बंद पाकीट, ज्यावर कोशरची खूण आहे. सगळ्यात जास्त दिसते ती वर्तुळातला इंग्रजी यू. त्याच्या शेजारी डी असेल तर त्यात दुधाचा अंश धरलेला असतो. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. दोन्ही नसलेल्या पदार्थाला 'पार्वे' म्हणतात आणि तो कशाबरोबरही चालतो. वसंतातल्या पेसाखच्या आठवड्यात आंबवलेल्या धान्याचे नियम आणखी कडक होतात. त्या दिवसांत फळंसुद्धा विचारूनच.

जाता जाता सांगते, हा दूध-मांसाचा प्रश्न कोकणातल्या ज्यूंनी, म्हणजे बेने इस्राएलांनी, नारळ खवून सोडवला. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, आणि रोश हशानाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवलेला हलवा. कुरडयांसाठी चीक काढणारी बाई तो हलवा डोळे मिटून करील.

५. अंगावर काय असावं, काय नसावं

साधे कपडे. पुरुषांसाठी दारात टोपलीत छोट्या टोप्या ठेवलेल्या असतात. इतर पुरुष घालत असतील तर तुम्हीही घाला. खोलीत प्रार्थनेची पुस्तकं असतील तर ती जमिनीवर ठेवू नका. चुकून पडलं तर तिथली माणसं उचलून त्याचं चुंबन घेतात. पुस्तकाला पाय लागला की आपला हात जसा आपोआप कपाळाकडे जातो, तसंच. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, त्यामुळे तुम्हाला पाठ वाटते ती बाजू पुढची असते.

आणि स्वस्तिक. पेंडंट, अंगठी, किल्ल्यांचा जुडगा, लग्नात मिळालेली कापडी पिशवी, मोबाइलचं कव्हर, हे सगळं निघण्यापूर्वी एकदा तपासा. आपल्या दृष्टीने ते मंगल आहे आणि हजारो वर्षं जुनं आहे, हे सगळं खरं. पण समोर बसलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईंचं बालपण ज्या खुणेने मोडलं, ती खूण त्यांना दिसते ती व्युत्पत्तीसकट दिसत नाही. खुलासा करायला जागा आहे, वेळही आहे, पण तो पहिल्या भेटीत दाराशी करायचा विषय नव्हे. पुढे कधीतरी माझ्या दिवाळीच्या रांगोळीच्या फोटोवरून आमच्यात हे बोलणं झालं, आणि चांगलं झालं.

याच्याच जवळचा आणखी एक प्रश्न तुम्हाला कधीतरी विचारला जाईल. भारतात फिरून आलेला कुणीतरी विचारील, "तुमच्याकडे फुटपाथवरच्या पुस्तकांत हिटलरचं आत्मचरित्र इतकं उघड कसं विकलं जातं?" उगाच बचाव करू नका. आपल्याकडे युरोपातला तो इतिहास वरवर शिकवतात आणि बरेच जण ते पुस्तक 'कणखर नेता' म्हणून वाचतात, हे खरं उत्तर आहे. मी ते दिलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी चहा ओतला.

६. बोलायचं कधी, आणि काय

पहिल्या दिवशी सगळे आपली ओळख नुसत्या नावाने करून देतील आणि तुम्हीही नुसत्या नावानेच हाक मारावी अशी अपेक्षा असते. ऐंशीच्या आजींना एकेरी नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते, पण 'मॅडम' म्हटलं तर त्या दुखावतात.

गट चालवणारी व्यक्ती बहुतेक वेळा सभासदांपैकीच असते. रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, असतीलच असं नाही, आणि असले तरी त्यांचं मत अखेरचं धरत नाहीत. माझ्या देखत एका बाईंनी रब्बायना "तुम्ही शेवटची चाळीस पानं वाचलेली नाहीत" असं सुनावलं होतं. त्यांनी ते कबूल केलं.

दोन माणसं एकदम बोलतील. तुमचं वाक्य मध्येच कुणीतरी पुरं करील. अमेरिकन ऑफिसमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा उद्धटपणा वाटेल. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी न्यूयॉर्कच्या ज्यूंच्या संभाषणशैलीचा अभ्यास करून दाखवलं आहे की असं मध्ये बोलणं म्हणजे तोडणं नव्हे, ऐकत असल्याची पावती आहे. वाड्याच्या कट्ट्यावर वाढलेल्यांना अभ्यासाची गरज नाही. थांबून राहाल तर तुमची पाळी येणारच नाही. आत शिरा.

शिरताना हातात एक पान असू द्या. "मला पुस्तक आवडलं" याला तिथे काही किंमत नाही. "ती बाई दार उघडत नाही, तिथे मला तिचा राग आला, का ते सांगता येत नाही" याला आहे. या गटांमागे मजकूर समोर ठेवून भांडायची फार जुनी सवय आहे. 'तोरा' या त्यांच्या धर्मग्रंथातला एक शब्द घेऊन जोडीजोडीने तासन्‌तास वाद घालायच्या त्यांच्या अभ्यासपद्धतीला 'खव्रुता' म्हणतात. कादंबरीवर ते तीच हत्यारं चालवतात. त्यामुळे विरोध झाला तर मनाला लावून घेऊ नका. कुणी विरोधच केला नाही, तर मात्र तुमचं बोलणं फुकट गेलं असं समजा.

एक वाक्य मात्र गिळून टाका. आपल्यापैकी प्रत्येक जण ते खिशात घेऊन जातो: "भारतात ज्यूंचा कधीच छळ झाला नाही." मी ते दुसऱ्याच भेटीत टाकलं, जरा अभिमानानेच. पलीकडे बसलेल्या एका निवृत्त डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "गार्सिया द ऑर्ताचं काय?" मला नाव माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. हा पोर्तुगीज वैद्य, सक्तीने ख्रिस्ती केल्या गेलेल्या ज्यू घराण्यातला. १५३४ साली गोव्यात आला. त्याने भारतीय औषधींवर लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. काही काळ अख्खं मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना हुडकून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं. तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, छुपी ज्यू म्हणून जाळण्यात आलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून जाळली.

राज्य पोर्तुगीजांचं होतं, हे मी पुढच्या महिन्यात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ते बरोबर, पण गाव तुमचंच ना? मला उत्तर सुचलं नाही. बेने इस्राएलांपुरतं माझं वाक्य खरं आहे. पण त्यानंतर मी ते कुठेच वापरलेलं नाही. चूक-बरोबर राहू द्या, त्या वाक्याने आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि गटात ती खुर्ची नसते.

होलोकॉस्टवरचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचं, पुस्तक असेल तर "तुमच्या घरातलं कुणी गेलं का?" असं विचारू नका. ज्याला सांगायचं असेल तो सांगतो. फाळणीची तुलना लगेच पुढे करू नका. तुमच्या घरात खरोखरच फाळणीची आठवण असेल आणि पुस्तकातल्या एखाद्या पानाने ती वर आली असेल, तर जरूर बोला.

७. इस्रायली कादंबरी आली की

हा सगळ्यात अवघड महिना. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर तर जास्तच. एकाच टेबलाशी इस्रायली सैन्यात नातू असलेल्या आजी बसतात आणि गाझातल्या युद्धाविरुद्ध मोर्च्यात जाणारी त्यांचीच पुतणी बसते. आमच्या गटाचा नियम असा की पहिला तासभर जे बोलायचं ते पुस्तकातल्या माणसांबद्दल. त्यानंतर जगाबद्दल. नियम मोडतो, पण तो आहे म्हणून मोडल्याचं कळतं. नवख्या माणसाने त्या दिवशी बातम्या घेऊन येऊ नये. बातम्या त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वाचलेल्या असतात.

मग आपण आणायचं काय? मला वाटतं, आपली भाषा. अनुवादित पुस्तक म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्यांना एकच पडदा दिसतो. आपण दुसऱ्या बाजूने येतो, आणि कधीकधी आपल्याला मूळ शब्द जवळचा पडतो.

डेव्हिड ग्रॉसमन यांची 'टु द एंड ऑफ द लँड' ही जाडजूड कादंबरी. हिब्रूत २००८ मध्ये आली, जेसिका कोहेन यांचा इंग्रजी अनुवाद २०१० मध्ये. ओरा नावाच्या बाईचा मुलगा सैन्यातली मुदत संपूनही पुन्हा मोहिमेवर जातो. आता कधीही दारात सैन्याची माणसं वाईट बातमी घेऊन उभी राहतील, या धास्तीने ती घरच सोडते आणि गॅलिलीच्या डोंगरांतून चालत सुटते. घरी नसलं तर बातमी देता येणार नाही, असं तिचं आईपणाचं गणित. पुस्तकाच्या शेवटी लेखकाची छोटी टीप आहे: हे लिहीत असतानाच त्यांचा मुलगा उरी ऑगस्ट २००६ मध्ये लेबनॉनमध्ये मारला गेला. ती टीप आधी वाचू नका.

हिब्रू शीर्षक वेगळंच आहे. एका सभासदाने ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, अर्थ साधारण असा की 'बातमीपासून पळणारी बाई', पण 'बसोरा' म्हणजे नुसती बातमी नाही, कुणीतरी माणूस पाठवून कळवलेली गोष्ट. त्याला इंग्रजी शब्द सापडत नव्हता. मी म्हटलं, आमच्याकडे आहे: निरोप. कुणाच्या हाती पाठवलेला संदेश म्हणजे निरोप, आणि कायमचं जाणाऱ्याला देतात तोही निरोपच. निरोपापासून पळणारी बाई. त्याने मला तो शब्द दोनदा म्हणायला लावला आणि आपल्या प्रतीच्या पहिल्या पानावर देवनागरीत लिहून घेतला. 'रो' काढताना मात्रा चुकली, ती मी दुरुस्त केली.

दर वेळी असं जमत नाही. दोरित राबिनयान यांची, तेल अवीवची तरुणी आणि पॅलेस्टिनी चित्रकार न्यूयॉर्कमध्ये प्रेमात पडतात ती कादंबरी आम्ही वाचली. इस्रायलच्या शिक्षण खात्याने २०१५ च्या अखेरीस ती शाळेच्या अभ्यासक्रमात घ्यायला नकार दिला आणि त्यामुळेच ती धडाधड खपली. तिच्या हिब्रू नावाचा शब्दशः अर्थ 'जिवंत कुंपण'. कोकणात जिवंत कुंपण घरोघर असतं, आणि वर आमच्याकडे कुंपणच शेत खातं, असं मी उत्साहाने सांगितलं. सगळे विनम्रपणे हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. चालायचंच.

८. पुस्तक सुचवायची पाळी आली तर

पाचसहा महिने टिकलात की विचारतील. माझ्या मते आपल्याकडे एक हक्काचं पान आहे, ते तेव्हा टाका. मराठी ही ज्यूंची मातृभाषाही आहे, हे अमेरिकेतल्या बहुतेक ज्यूंना माहीत नसतं. पेसाखच्या रात्री वाचायची हगादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यातही निघाली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', पेणकर-केहिमकर-रोहेकर ही आडनावं, पुण्याचं लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग. आडनावातल्या 'कर'चा अर्थ सांगितलात की पुढचा अर्धा तास तुमचा.

मी एस्थर डेव्हिड यांचं 'बुक ऑफ रेचल' सुचवलं. अहमदाबादच्या बेने इस्राएल लेखिका. या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोकणच्या किनाऱ्यावरच्या गावात एकटी उरलेली म्हातारी रेचल, सगळे इस्रायलला निघून गेल्यावर बंद पडलेलं सिनेगॉग झाडूनपुसून ठेवते, आणि त्या जमिनीवर डोळा असलेल्यांशी झुंजते. वाचायला सोपं, बोलायला भरपूर, आणि त्यात स्वयंपाक इतका आहे की गट आपोआप भुकेला होतो. दुसरा पर्याय निसीम इझिकेल यांच्या कविता. आईला विंचू चावतो ती कविता आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळा-कॉलेजात वाचली आहे, कवी बेने इस्राएल आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. कवितेचा महिना आमच्या गटाला मात्र मानवला नाही, अर्धे आलेच नाहीत.

पुस्तक सुचवणाऱ्याने चर्चेची सुरुवात करायची असते. गोष्ट सांगू नका, सगळ्यांनी वाचलेली असते. तीन प्रश्न न्या. मी अकरा नेले होते, पहिल्यावरच वेळ संपली.

९. मध्येच दार उघडलं तर

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगून ठेवते. संध्याकाळच्या प्रार्थनेला दहा प्रौढ ज्यू लागतात. या दहांच्या समूहाला मिन्यान म्हणतात. दहा झाल्याशिवाय मृतासाठीचं कद्दिश म्हणता येत नाही. रेचलवरची आमची चर्चा रंगात आली असताना एका माणसाने दार अर्धवट उघडलं आणि म्हणाला, "सहाच आहोत. आज माझ्या वडिलांची तिथी आहे." वाद तिथेच थांबला. पुस्तकं उलटी ठेवून चार जण उठले. मीही सवयीने अर्धी उठले होते. शेजारच्या बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तू बस, तू धरली जात नाहीस. मीही बसते, आता त्यांचे दहा झाले."

अशा वेळी बसून राहा. फोन काढू नका. भिंतीपलीकडून आवाज येतो, दहा-पंधरा मिनिटं लागतात. आम्ही दोघी पान उलटत राहिलो. ती मंडळी परत आली, खुर्च्या सरकल्या, आणि डॉक्टर बसायच्या आधीच म्हणाले, "तर मग, त्या म्हातारीने जमीन विकायला काय हरकत होती?"